कराचाय-बाल्कार भाषेत 'माझ्या वडिलांना' एकाच शब्दात? विभक्ती + मालकीचे प्रत्यय कोणी समजावेल का

नालचिकवाली
नमस्कार मंडळी. मी रशियात नालचिकला एमबीबीएस करतेय. वर्गात इंग्रजी, बाजारात आणि हॉस्पिटलात रशियन, आणि हॉस्टेल सोडून ज्या आजींच्या घरी खोली घेतलीय त्यांच्या घरात बाल्कार. आजी माझ्याशी रशियन बोलतात पण लेकाशी-सुनेशी फोनवर अखंड बाल्कार चालू असतं आणि ते ऐकून ऐकून मला आता काही तुकडे ओळखू यायला लागलेत, पण तुकडे जोडले कसे जातात ते काही कळेना.

उदाहरणार्थ 'आता' म्हणजे वडील. ठीक. 'आताम' म्हणजे माझे वडील, हेही ठीक. मग 'आतामी' येतं, 'आतामा' येतं, 'आतासिना' येतं, आणि एकदा मी जोरात 'आतानी' म्हटलं तर आजी हसायला लागल्या, कारण मला म्हणायचं होतं 'वडिलांनी' आणि तसलं काही त्या भाषेत नाहीच म्हणे. आजींना व्याकरण विचारलं की त्या म्हणतात असंच म्हणतात, क़िज़िम, जेव. (क़िज़िम = माझी पोरगी, मला त्या तशीच हाक मारतात.)

कोणी तुर्की वगैरे शिकलेलं आहे का इथे? सोपं करून सांगा, मला परीक्षा द्यायची नाहीये, फक्त स्वयंपाकघरात काय बोलतात ते कळायला हवंय.

टारगट_तात्या
आता म्हणजे बाप??? म्हणजे "आता काय करायचं" हा प्रश्न तिकडे बापाला विचारतात. बरोबरच आहे म्हणा.

नालचिकवाली
तात्या थांबा अजून आहे, 'आत' म्हणजे घोडा. आणि 'आत' म्हणजेच नाव पण.

टारगट_तात्या
आत घोडा, आता बाप. मी हा धागा सोडून कुठेही जात नाही.

भाषाखोर
ताई, चांगला विषय काढलास. आधी एक सांगतो, नालचिकमधे रस्त्यावर जी दुसरी स्थानिक भाषा ऐकतेस ती कबार्दियन, तिचा ह्या भाषेशी काडीचा संबंध नाही, ती पार वेगळ्या कुळातली आहे. आजींची भाषा तुर्की कुळातली, त्यातल्या किपचाक शाखेची, म्हणजे कुमिक, कझाक ह्यांच्या जवळची. बाल्कार आणि पलीकडच्या कराचाय-चेर्केसियातले कराचाय, दोघांची मिळून एकच लिखित भाषा आहे आणि बोलणारे साधारण ३ लाख.

लिहिण्याबद्दल आधी ठरवून घेऊ नाहीतर गोंधळ होईल. ती सिरिलिकमधे लिहितात, मी इथे देवनागरीत लिहितोय. जीभ मागे ओढून म्हणायचा जो 'इ' आहे (आतिम मधला) तो आपल्याकडे नाही, मी साधा इ लिहितोय. शब्दाच्या शेवटी मराठीच्या सवयीने दीर्घ लिहीन, उच्चार आखूडच. ग़ म्हणजे घशातून, ग़ज़ल मधला. क़ त्याहून खाली. आणि ङ! शाळेत आपण सगळ्यांनी क ख ग घ ङ म्हटलं आणि त्यानंतर तो ङ कधी वापरला नाही, तो इथे रोज लागतो. 'रंग' म्हणताना ग च्या अगदी आधी जो नाकातला आवाज येतो ना, तोच, पण ग न म्हणता तिथेच थांबायचं.

आता तुझा 'आता'.

नुसता शब्द: आता (वडील)
वडिलांचा आणि वडिलांना (कर्म म्हणून): आतानी. दोन्हीला एकच!
वडिलांकडे / वडिलांना (दिलं, सांगितलं): आताग़ा
वडिलांपाशी: आतादा
वडिलांकडून: आतादान

संपल्या विभक्ती. आपल्यासारखं प्रथमा ते संबोधन पाठ करायला नको, सहा विभक्ती आहेत आणि त्यातल्या दोन दिसायला सारख्या, म्हणजे आकार पाचच, त्यात पहिला म्हणजे नुसता शब्दच. 'ने' लावणारी तृतीया नाही. चाकूने, मित्राबरोबर असलं सगळं 'बला' हा वेगळा शब्द मागे ठेवून भागवतात, आताम बला म्हणजे माझ्या वडिलांबरोबर. म्हणून आजी हसल्या, तुझं "आतानी" त्यांना 'वडिलांचा...' असं अर्धवट ऐकू आलं आणि त्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या.

मालकीचे प्रत्यय हा दुसरा डबा आहे आणि तो विभक्तीच्या आधी लागतो. माझा -म, तुझा -ङ, त्याचा/तिचा -सी (व्यंजनापुढे नुसतं -ई), आमचा -बिज़, तुमचा -ग़िज़. आताम, आताङ, आतासी, आताबिज़, आताग़िज़. घोड्याला लावलंस तर आतिम, आतिङ, आती, आतिबिज़, आतिग़िज़.

डबे जोडायचा क्रम कधीच बदलत नाही. शब्द, मग अनेकवचन, मग मालक, मग विभक्ती. क़ारनाश (भाऊ) घे: क़ारनाश-लार-इम-दान, क़ारनाशलारिमदान, माझ्या भावांकडून. मराठीत 'माझ्या' पुढे, 'कडून' मागे, आणि मधे 'भावां' असं सामान्यरूप करून वाकवावं लागतं, इथे शब्द वाकतच नाही, शेपूट वाढत जाते.

सह्यभटक_ठाणे
वाह. मी एल्ब्रुस केलंय, खाली आझाउला केबल कारच्या तिथे लोकरीचे मोजे टोप्या विकणाऱ्या बायका असतात त्या हीच भाषा बोलत असणार. तिथे सगळे एल्ब्रुसला मिंगी ताउ म्हणत होते. "ताउला" असं सारखं कानावर यायचं, मला वाटायचं ताउ-ला, डोंगराला जाताय का असं विचारतायत.

भाषाखोर
हा सापळा मराठी माणसासाठीच लावलाय. -ला तिकडे अनेकवचन. ताउला = डोंगर, अनेक. आतला = घोडे. 'डोंगराला/डोंगराकडे' पाहिजे असेल तर ताउग़ा. आणि डोंगरांकडे म्हणजे ताउलाग़ा.

हे -ला मूळचं -लार आहे, तुर्कीत अजून -लार/-लेर आहे. ह्या लोकांनी शेवटचा र गाळला, पण पुढे मालक आला की र परत हजर. आतला घोडे, पण आतलारिम माझे घोडे. ताउलारिबिज़ आपले डोंगर, ताउलारिबिज़दा आपल्या डोंगरांत. विभक्तीपुढे मात्र र येत नाही, ताउलादा डोंगरांत. र दिसला की समजायचं मालक मागोमाग येतोय.

नालचिकवाली
अरे हो!! 'क़ारनाशला' आणि 'क़ारनाशलारिम' दोन्ही ऐकलंय, मला वाटायचं दोन वेगळे शब्द आहेत. पण मग 'आतामी' आणि 'आतामा' चं काय? तुमच्या हिशोबाने आताम + नी = आतामनी व्हायला हवं आणि आताम + ग़ा = आतामग़ा.

भाषाखोर
तिथेच तर मजा आहे. मालक आला की विभक्तीचं रूप बदलतं. दोनच ठिकाणी लक्ष ठेव, -नी आणि -ग़ा. बाकीचे -दा -दान गरीब, जिथे लावाल तिथे बसतात.

माझे वडील: आताम, आतामी (माझ्या वडिलांचा / वडिलांना बघितलं), आतामा (माझ्या वडिलांना दिलं), आतामदा, आतामदान
तुझे: आताङ, आताङी, आताङा, आताङदा, आताङदान
त्याचे: आतासी, मग चा साठी आतासिनी, कर्मासाठी आतासिन, आतासिना, आतासिन्दा, आतासिन्दान

म आणि ङ पुढे 'नी'चा न जातो, नुसती ई उरते. 'ग़ा'चा ग़ जातो, आ उरतो. आणि 'त्याचे' ह्या ओळीत बघ, सी आणि विभक्तीच्या मधे एक न कुठूनतरी येऊन बसलाय, आतासि-न-दा. हा न बहुतेक सगळ्या जुन्या तुर्की भाषांत आहे. मराठी डोक्याला हे समजायला अवघड नाही, आपलं सामान्यरूप असंच आहे, घर-त नाही म्हणत, घरात म्हणतो, मधला आ कशाला आला कोणी विचारत नाही. फक्त आपल्याकडे तो प्रत्येक नामाला, तिकडे फक्त 'त्याचा/तिचा' असलेल्या नामाला.

'आमचे', 'तुमचे' मधे काही होत नाही: आताबिज़नी, आताबिज़ग़ा. ज़ पुढे सगळं जसंच्या तसं.

कांदिवलीचा_पप्या
आमची बायको गुजराती, 'नी' म्हणजे 'ची' हे मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात कळलं. पप्पानी गाडी. इथे पण आतानी म्हणजे वडिलांचा. मला तर सगळ्यात सोपी वाटतेय ही भाषा.

काका_डोंबिवली
पप्याने नेमकं बोट ठेवलंय. 'नी' षष्ठी, 'ला' प्रत्यय, 'दा' तर पंजाबीत पण आहे. हे सगळं योगायोग म्हणून सोडून द्यायचं का? माझं मत असं की ह्या सगळ्या भाषांचं मूळ आपल्याकडेच आहे, युरोपियन लोकांनी कुळं पाडली. पटत नसेल तर खोडून दाखवा.

भाषाखोर
काका, खोडून दाखवतो, रागावू नका. तुम्हीच तीन उदाहरणं दिलीत त्यातली दोन अर्थाने जुळत नाहीत. मराठी 'ला' म्हणजे कडे, त्यांचा 'ला' म्हणजे अनेक. पंजाबी 'दा' म्हणजे चा, त्यांचा 'दा' म्हणजे त. उरला 'नी'. गुजरातीत तो पुढच्या नामाप्रमाणे नो-नी-नुं होतो, पप्पानो दीकरो, पप्पानी गाडी. इथे -नी, -नु वगैरे बदल होतो तो पुढच्या शब्दासाठी नाही, मागच्या शब्दातल्या स्वरासाठी: आतानी, पण ताउनु, आणि एल (गाव) चं एलनी, त्यातला इ आपला साधा पुढचा. मागचा स्वर गोल तर प्रत्यय गोल. शिवाय ह्यांचा 'नी' पूर्वी 'निङ' होता, आठव्या शतकातल्या ओर्खोन शिलालेखांत (जुन्या तुर्कीतले, मंगोलियातले) आणि आजच्या कझाकमधेही शेवटचा ङ आहे, इथे तो झिजला. दोन-अडीच अक्षरांचे प्रत्यय जगात कुठेही जुळतात हो, नियम जुळले तर नातं.

काका_डोंबिवली
बरं. पण 'ङ झिजला' हे तुम्ही कशावरून म्हणता, 'लागला' का नाही?

भाषाखोर
चांगला प्रश्न. कारण झिजल्याची खूण मागे राहिलीय. 'नी' दोन कामं करतो, चा आणि कर्म. कझाकमधे ही दोन वेगळी आहेत, एकात ङ आहे एकात नाही. कराचाय-बाल्कारमधे ङ पडला आणि दोन्ही एकसारखे झाले, कुमिकमधेही हेच. पण एका खोलीत ती दोघं अजून वेगळी राहतात: 'त्याच्या वडिलांचा' आतासिनी, 'त्याच्या वडिलांना (बघितलं)' आतासिन. कर्माचा हा तोकडा -न पण ओर्खोनच्या दगडांवर आहे, म्हणजे बाराशे वर्षं टिकलेला. जर मुळात एकच प्रत्यय असता तर इथे फरक कशाला राहिला असता?

काका_डोंबिवली
हं. वाचतो आहे.

इस्तंबूलची_मावशी
मी इकडे नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं आहे, तुर्की येते. हा धागा वाचून मला हेवा वाटतोय. तुर्कीत एक वैताग आहे, "आतिनी" म्हटलं तर 'तुझ्या घोड्याला (बघितलं)' आणि 'त्याच्या घोड्याला' दोन्ही होतं, कारण इकडे तुझा -न आणि मधला न एकच ऐकू येतात. शिकाऊ माणसाचा जीव जातो. तुमच्या ह्या भाषेत काय होतं?

भाषाखोर
मावशी, इथे ङ शाबूत आहे म्हणून गोंधळच नाही. तुझ्या घोड्याला: आतिङी. त्याच्या घोड्याला: आतिन. पण तुम्ही तुर्कीच्या भरवशावर इकडे आलात तर दगा आहे, तुमचं आतिनी इथे 'त्याच्या घोड्याचा' होतं. कर्म नाही, षष्ठी! तुर्की बोलणारे पाहुणे इथेच आपटतात असं मी ऐकलंय, इस्कीशेहिर-कोन्याकडे जे कराचाय राहतात त्यांची पोरं घरी एक आणि शाळेत एक असं सांभाळतात.

इस्तंबूलची_मावशी
हो इस्कीशेहिरकडे कराचाय आहेत खरे. आणि तुर्कीत नाव 'आद' आणि घोडा 'आत', वेगळे. इथे दोन्ही आत म्हणजे "आतिम बारदी" म्हटलं तर माझ्याकडे घोडा आहे का मला नाव आहे?

भाषाखोर
दोन्ही. नाव सगळ्यांनाच असतं, त्यामुळे घोडा समजतात 😄

नालचिकवाली
थांबा थांबा, हे "आतिम बारदी" मी नेहमी ऐकते, "बारदी", "झोक़दु". आहे/नाही. पण आजी "मेन्दे आचखा झोक़दु" म्हणतात तेव्हा 'मेन्दे' आणि कोणाच्या भावाबहिणींबद्दल सांगतात तेव्हा "क़ारनाशिम बारदी". एकदा माझ्यात, एकदा माझा. का?

भाषाखोर
तू हे मराठीत रोज करतेस. "मला भाऊ आहे" म्हणतेस, "माझ्याकडे पैसे नाहीत" म्हणतेस. "माझ्याकडे भाऊ आहे" म्हटलंस तर भावाला कपाटात कोंडलंय असं वाटेल. आचखा म्हणजे पैसे, ते अंगावर असतात-नसतात, म्हणून मेन्दे, माझ्यापाशी. भाऊ हा माझाच असतो, म्हणून क़ारनाशिम बारदी, 'माझा-भाऊ आहे'. पुढे मेनी (माझा) लावलं तरी चालतं, मेनी क़ारनाशिम बारदी, पण -म लावलाच आहे तर मेनी कशाला, बोलताना गाळतात. ठासून सांगायचं असेल तर लावतात.

उल्हासनगरची_सई
हे -म, -ङ, -सी बघून मला आमची आजी आठवली. आम्ही सिंधी. सिंधीत पण नात्याच्या शब्दांना असे छोटे प्रत्यय चिकटतात, माझा मुलगा, त्याचा मुलगा हे एका शब्दात म्हणता येतं, हल्लीची पोरं ते वापरत नाहीत फारसं. फारसीत तर आहेच, किताबम किताबत किताबश. मराठीत का नाही?

बेळगावी_कुंदा
मराठीत नाही आणि कन्नडमधेही नाही, कन्नड एवढी चिकट भाषा असून. मनेयल्लि म्हणजे घरात, विभक्ती चिकटते, पण 'माझ्या घरात' म्हणायचं तर नन्न मनेयल्लि, नन्न वेगळा तो वेगळाच. म्हणून मला भाषाखोरांचा दुसरा डबा नवीन वाटला, पहिला नाही.

टारगट_तात्या
एक शंका. वर कोणीतरी "आतामा" म्हणजे माझ्या वडिलांना (दिलं) म्हणालं. माझा एक मित्र अल्माटीला आहे त्याने सांगितलं की ह्या लोकांत क्रियापदाला पण मी साठी काहीतरी लागतं. ते काय?

भाषाखोर
तात्या तुम्ही चेष्टा करता करता बरोबर ठिकाणी पोचता. कराचाय-बाल्कारमधे 'मी जातो' म्हणजे बारामा, 'मी येतो' केलेमे. शेवटचं -मा/-मे म्हणजे मी. आणि 'आत' ह्या धातूचा अर्थ फेकणे. तर 'मी फेकतो' म्हणजे...

टारगट_तात्या
आतामा!!

भाषाखोर
आतामा. "आतामा तोप आतामा", माझ्या वडिलांकडे चेंडू फेकतो. तोप म्हणजे चेंडू. वाक्य मी बनवलंय, कोणी असं म्हणत असेल असं नाही, पण व्याकरणाने बसतं.

कांदिवलीचा_पप्या
घोडा, नाव, फेकणे, सगळं आत. एवढा छोटा शब्द किती काम करतो.

नालचिकवाली
आता खरा प्रश्न. सगळ्यांच्या फ्रिजमधे आयरान असतं. हे म्हणजे आपल्या ताकासारखं पातळ नाही, चांगलं आंबट घट्ट असतं (केफिर पण मूळ इकडचंच, आजी ह्याबद्दल फार अभिमानाने बोलतात). आजींचा नातू येऊन पिऊन गेला तर आजी कधी "आयरान इचदी" म्हणतात, कधी "आयरान्नी इचदी", एकदा "आयरानिन इचदी" पण म्हणाल्या. तिन्ही वेळा प्यायलंच ना त्याने?

भाषाखोर
हा सगळ्यात चांगला प्रश्न विचारलास, थोडं लांबेल.

आयरान इचदी: आयरान प्यायला, कुठलंतरी, थोडंसं. प्रत्यय नाही.
आयरान्नी इचदी: ते आयरान प्यायला, जे आपण बोलत होतो ते, जे होतं ते.
आयरानिन इचदी: त्याचं (स्वतःचं किंवा दुसऱ्या कोणाचं) आयरान प्यायला.
आयरानिमी इचदी: माझं प्यायला.
आयरानिङी इचदी: तुझं प्यायला.

मराठीत आपण कर्माला 'ला' लावायचा का नाही हे जिवंत आहे का निर्जीव ह्यावर ठरवतो. ताक प्यायलं, ते ताक प्यायलं, दोन्हीकडे काही नाही. पण रामाला पाहिलं. त्यांचं तसं नाही, जीव असो नसो, ठराविक आहे का हे बघतात. ठराविक असेल तर -नी लागणारच, दगड असला तरी. आणि मालक लागला की ती वस्तू आपोआप ठराविक होते म्हणून कर्माचा प्रत्यय साधारण येतोच, कोणाचं तरी आहे म्हणजे ओळखीचं आहे.

आता षष्ठी आणि कर्म सारखे दिसतात मग ओळखायचं कसं, तर पुढे बघायचं. पुढे -ई/-सी लागलेलं नाम असेल तर षष्ठी: आतामी आती, माझ्या वडिलांचं नाव, इथे मालक आणि वस्तू दोघांनाही खूण असते, 'वडिलांचं नाव-त्यांचं'. पुढे सरळ क्रियापद आलं तर कर्म: आतामी साक़लायमा, माझ्या वडिलांची वाट बघतोय.

इस्तंबूलची_मावशी
एकात एक घालता येतं का? तुर्कीत आम्ही लांबलचक माळ लावतो.

भाषाखोर
हो की. क़ारनाश भाऊ, क़िज़ मुलगी.
क़ारनाशिमी क़िज़ी – माझ्या भावाची मुलगी
क़ारनाशिमी क़िज़िनी आती – माझ्या भावाच्या मुलीचं नाव
क़ारनाशिमी क़िज़िन साक़लायमा – माझ्या भावाच्या मुलीची वाट बघतोय
क़ारनाशिमी क़िज़िना आयरान बेरदिम – माझ्या भावाच्या मुलीला आयरान दिलं

क़िज़िनी, क़िज़िन, क़िज़िना. ह्या तीन रूपांत सगळं व्याकरण आलं. हे तीन जमले की बाकीचं आपोआप जमतं असं माझं मत. आणि क़िज़िन (तिच्या किंवा त्याच्या मुलीला) आणि क़िज़िङ (तुझी मुलगी) ह्यात फक्त शेवटच्या आवाजाचा फरक आहे, मराठी कानाला पहिले काही महिने दोन्ही सारखेच वाटतात. ङ वर मेहनत घे ताई.

नालचिकवाली
आत्ता स्वयंपाकघरात जाऊन ऐकून आले, खरंच फरक आहे, ङ म्हणताना आजींचं तोंड थोडं उघडंच राहतं!! आणि सिरिलिकमधे हा एकाच अक्षराने नाही, न आणि ग अशी दोन अक्षरं शेजारी ठेवून लिहितात ना? म्हणून मी वाचताना चुकीच्या जागी तोडत होते.

भाषाखोर
हो, н आणि г शेजारी. म्हणून 'एलिङे' (तुझ्या गावाला) लिहिलेलं दिसतं ते एलिन-गे असं तोडावंसं वाटतं. तोडायचं एलिङ-ए. त्याच्या गावाला असेल तर ग नसतोच, एलिने. हे एक ओळखलंस की छापलेलं वाचायला सोपं जाईल. देवनागरीत आपल्याकडे ङ तयार आहे, त्यांना दोन अक्षरं खर्चावी लागतात 😄

व्याकरणवेडी
मधेच पडते. मला जास्त आवडलं ते मागे ठेवायच्या शब्दांचं. तुम्ही वर बला सांगितलंत, आताम बला. पण सर्वनामाला? मराठीत "रामाबरोबर" म्हणतो पण "मीबरोबर" नाही, "माझ्याबरोबर". सर्वनाम षष्ठीत जातं.

भाषाखोर
तंतोतंत तेच! मेन बला नाही, मेनी बला, माझ्या-बरोबर. सेनी बला, तुझ्याबरोबर. नाम असेल तर नुसतं. आणि सर्वनामांचं एक आठवण ठेवा, माझा मेनी, पण मला (दिलं) मांगा, तुला सांगा, त्याला आंगा. मेन-सेन मधला ए तिथे आ होतो. हे पाठच करायचं, नियम शोधायला जाऊ नका.

टेबलावर, झाडाखाली असलं पण आपल्यासारखंच. 'खाली' हे नाम धरायचं, 'झाडाच्या त्याच्या-खाली-त'. आपलं झाडाच्या खाली, त्यातला च्या जसा दडून बसतो तसा तिकडचा -नी आणि मधला न.

सह्यभटक_ठाणे
मला एक सांगा, बोलीभाषांत फरक आहे का? तेर्सकोलचा आमचा गाडीवाला म्हणाला होता की चेरेकवाल्यांचं बोलणं वेगळं.

भाषाखोर
आहे, पण आवाजात, प्रत्ययांत नाही म्हटलं तरी चालेल. 'नाही'ला कराचाय ज्योक़ म्हणतात, बाक्सान-चेगेमकडचे बाल्कार झोक़, चेरेक खोऱ्यातले ज़ोक़. केसाला इतरांकडे चाच, चेरेकमधे त्सात्स. लिखित भाषा कराचाय आणि बाक्सान-चेगेमवर बेतलेली. विभक्ती सगळीकडे ह्याच.

एक मात्र आहे, घरात बोलताना बिज़ वाला प्रत्यय बरेचदा खातात. एलिबिज़ च्या ऐवजी बिज़नी एल, आमचं गाव. आमचं सांगून झालं पुढे, मग मागे परत कशाला.

नालचिकवाली
आजी तेच म्हणतात, बिज़नी एल. त्यांची आई १९४४च्या मार्चमधे सगळ्या बाल्कारांबरोबर मध्य आशियात नेली गेली, कराचाय लोकांना त्याच्या आधी १९४३च्या नोव्हेंबरमधे नेलं होतं. परत यायला १९५७ उजाडलं. आजींचा जन्म किर्गिझस्तानातला. त्या म्हणतात तिकडे शाळेत आमची भाषा नव्हती, घरात होती तेवढीच. आता २०१८ पासून शाळेत मातृभाषा ऐच्छिक झालीय, नातू घेत नाही, रशियनच बोलतो. म्हणून माझ्यासारखीने विचारलं की त्या खूश होतात पण समजावता येत नाही.

इस्तंबूलची_मावशी
नातवाला आयरान पाहिजे असेल तर आयरानिमी म्हणायला लावायचं. फुकट नाही.

कांदिवलीचा_पप्या
बरं 'माझं आहे', नुसतं 'माझं', असं कसं म्हणायचं? बाटलीवर लिहायला.

भाषाखोर
मेनिकी. मेनी + की. तुझं सेनिकी, त्याचं आनिक़ी, आमचं बिज़निकी. "बु आयरान मेनिकिदी", हे आयरान माझं आहे. शेवटची दी म्हणजे 'आहे', प्रत्यय समजू नका.

व्याकरणवेडी
शेवटचा प्रश्न आणि मग मी झोपते. 'त्यांचा' कुठे आहे? वर माझा तुझा त्याचा आमचा तुमचा झालं, त्यांचा सांगितलाच नाहीत.

भाषाखोर
कारण तिथे भाषेनेच हात वर केलेत. 'आतलारी' म्हणजे त्याचे घोडे, किंवा त्यांचा घोडा, किंवा त्यांचे घोडे. तिन्हीला एकच रूप, कारण -लार एकदाच लागतो, दोनदा लावत नाहीत, मग तो मालकांचा की घोड्यांचा कळायला मार्ग नाही. तुर्कीत पण हेच, मावशींना विचारा. पुढे कोण ते म्हटलं की थोडं सुटतं: आनी आतलारी त्याचे घोडे, आलानी आती त्यांचा घोडा. आलानी आतलारी राहतं तसंच लोंबकळत, एक घोडा की चार ते विचारून घ्यायचं.